अनुक्रमणिकेत माझं नाव कुठंय?

कॉलेजचं वार्षिक नियतकालिक कुणी विकत घेत नाही. त्याचे पैसे प्रवेशाच्या पावतीतच कापलेले असतात, जिमखाना आणि ग्रंथालय शुल्काच्या शेजारी. अंक निघायच्या आधीच वाचक ठरलेला आणि रक्कम जमा झालेली. तरीही कितीतरी कॉलेजांत सुतळीनं बांधलेले गठ्ठे कपाटावर पडून राहतात, मुलं अंक न्यायलाच येत नाहीत. अंक छापून येईतो परीक्षा सुरू झालेल्या असतात, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण मुखपृष्ठावर आणि आतल्या पहिल्या पानांवर असतं, आणि ते आम्हा मांडणी करणाऱ्यांच्या हातातलं असतं.

मी कोल्हापुरात हे काम करतो. दिवाळी अंक आटोपले की लग्नपत्रिका सुरू होतात आणि जानेवारी उजाडला की आसपासच्या तालुक्यांतल्या कॉलेजांचे वार्षिकांक येऊ लागतात. पेन ड्राइव्हमध्ये मॅटर, प्लॅस्टिकच्या पिशवीत फोटो आणि सोबत दोघं-तिघं प्राध्यापक. छापखान्याच्या जगात या कामाला फारसा मान नाही. ‘मागच्या वर्षीची फाइल काढा आणि साल बदला’ एवढ्या सूचनेवर अख्खा अंक उरकला जातो. मला मात्र वर्षभरातलं हेच काम सगळ्यांत मोलाचं वाटतं. या अंकात एखाद्या मुलीचं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापून येतं, आणि पुष्कळदा ते शेवटचंही ठरतं. तो अंक तिच्या घरी ट्रंकेत, कागदपत्रांच्या पिशवीत वर्षानुवर्षं राहणार असतो. साल बदलून उरकण्याची ही गोष्ट नाही.

मुखपृष्ठ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दिवाळी अंक येतो. दीनानाथ दलालांनी १९४५मध्ये ‘दीपावली’ सुरू केला. पुढे त्यांच्या आणि रघुवीर मुळगांवकरांच्या चित्रांनी मुखपृष्ठ कसं असावं याची मराठी माणसाची कल्पनाच घडवली. पण ती मुखपृष्ठं स्टॉलवर टांगली जायची. रस्त्यानं चाललेल्या माणसानं थांबावं, अंक चाळावा आणि खिशात हात घालावा, हे त्यांचं काम होतं. कॉलेजच्या अंकाला स्टॉलच नाही. त्याचा वाचक गावासकट, वर्गासकट, रोल नंबरसकट आपल्याला माहीत असतो. म्हणून या बाबतीत मला वसंत सरवटे जास्त जवळचे वाटतात. ‘ललित’च्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं ते वर्षानुवर्षं करत. लेखक, प्रकाशक, पुस्तकवेडे वाचक यांचंच जग त्या चित्रांत भरलेलं असे आणि अंक घेणारा माणूस त्यात आपल्यासारखाच कुणीतरी शोधत बसे. वाचकाला त्याच्याच अंकाच्या मुखपृष्ठावर जागा कशी द्यायची, हे सरवट्यांकडून शिकावं.

आता एका ग्रामीण कॉलेजची गोष्ट सांगतो. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचं वर्ष होतं. प्राचार्यांच्या केबिनमध्ये मुखपृष्ठाची बैठक बसली आणि सूचना येऊ लागल्या. तिरंगा हवा. संस्थापकांचा फोटो हवा. कॉलेजची नवी इमारत हवी. नॅकची श्रेणी ठळक हवी. विज्ञान विभागाला रॉकेट हवं होतं, मराठी विभागाला मोरपीस, आणि उघड्या पुस्तकातून उडणारे पक्षी तर ठरलेलेच. प्रत्येकाचं म्हणणं मनापासूनचं होतं. संस्थापकांनी माळावर पत्र्याच्या शेडमध्ये कॉलेज सुरू केलं होतं, त्यांना विसरून कसं चालेल? पण लग्नपत्रिकेत जसं एकाही काकाचं नाव गाळता येत नाही, तसं ते मुखपृष्ठ झालं होतं. त्यात सगळे होते, फक्त अंक ज्यांच्यासाठी काढायचा ती मुलं नव्हती.

बैठकीला विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून एक मुलगा आणि एक मुलगी दाराजवळच्या खुर्च्यांवर बसली होती. मराठीच्या मॅडमनी त्यांना विचारलं, “तुम्ही बोला की. अंक तुमचा आहे.”

मुलगी जरा थांबून म्हणाली, “मॅडम, आमचं निम्मं कॉलेज एसटीतच होतं.”

मग दोघं बोलायला लागली. सकाळची गाडी चुकली की पहिले दोन तास गेले. प्रॅक्टिकल लांबलं की शेवटची गाडी गेली. अभ्यास खिडकीशी, मैत्री स्टँडवर, भांडणं मागच्या सीटवर. मी वहीत भराभर लिहून घेत होतो. मुखपृष्ठ सापडलं होतं.

पहिली कल्पना मुलांच्या एसटी पासांची होती. महिन्याच्या पासाचे एक तृतीयांश पैसे विद्यार्थ्यानं भरायचे, बाकीची सवलत. ते फोटो चिकटवलेलं, घामानं मऊ पडलेलं कार्ड म्हणजे या मुलांचं खरं ओळखपत्र. चित्र म्हणून ते फार देखणं झालं असतं. पण त्यावर मुलींचे फोटो, पूर्ण नावं, गावं. हा अंक शेकडो घरांत जाणार आणि त्याची पीडीएफ आणखी कुठं फिरेल ते सांगता येत नाही. ती कल्पना तिथेच सोडली. मग त्या मुलानंच सुचवलं, “गाडीच्या पाट्या घेऊ या. गावांच्या.”

मुखपृष्ठभर एसटीच्या पाट्या. ज्या ज्या गावाहून मुलं येतात त्या प्रत्येक गावाची एक पाटी. सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठी पाटी नियतकालिकाच्या नावाची, कारण सगळ्या गाड्या शेवटी तिथेच येतात. प्राचार्यांनी विचारलं, “यात कॉलेज कुठं आहे?” आणि वरच्या पाटीकडे बघून स्वतःच मान डोलावली. संस्थापकांचा फोटो आतल्या पहिल्या पानावर एकट्यानं, भरपूर मोकळ्या जागेत आला. तिथे तो मुखपृष्ठावरच्या गर्दीपेक्षा कितीतरी शोभून दिसला.

पाट्यांसाठी मी फॉन्ट वापरला नाही. चपट्या ब्रशनं मुलांनीच प्रत्येक गावाचं नाव लिहावं, असा आग्रह धरला. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ठाऊक आहे की नाव वाचायच्या आधी अक्षराच्या वळणातूनच नाटकाचा स्वभाव कळतो. मुलांना शेडग्यांसारखं लिहिता येणार नव्हतं आणि तशी गरजही नव्हती. कुणाचा ‘ळ’ गुबगुबीत होता, कुणाची शिरोरेघ घाटात चढल्यासारखी वर गेली होती. मी सगळं स्कॅन केलं, कागदाचे डाग काढले आणि अक्षरांना हात लावला नाही. जिथे जिथे वळण सरळ करण्याचा मोह होतो, तिथे त्या मुलाची खूण पुसली जाते. रंगही दोनच ठेवले.

कच्ची प्रत ग्रंथालयाबाहेरच्या भिंतीवर लावली. हे मी नेहमी करतो. टेबलावरच्या समितीपेक्षा भिंतीसमोरची गर्दी जास्त खरं सांगते. मुलं आली, बोटं फिरायला लागली, “हे बघ आमचं!” असा गलका झाला. अकरावीचा एक मुलगा मात्र मागेच उभा होता. गर्दी पांगल्यावर म्हणाला, “दादा, आमची वाडी न्हाई ह्यात.”

मी त्याच्या गावाची पाटी दाखवली. तो म्हणाला, “ते पोस्टाचं गाव. आमी वाडीचं. वाडीत एसटी येतच न्हाई. फाट्यावर उतरून चालत जातो.”

आम्ही गावांची यादी प्रवेश अर्जांवरून घेतली होती आणि अर्जावर टपालाचा पत्ता असतो. आमच्या जिल्ह्यात अमक्या गावापैकी तमकी वाडी अशी नोंद असलेल्या वस्त्या ठायीठायी आहेत. मूळ गाव कागदावर दिसतं, वाडी त्याच्या पोटात राहते. प्रश्न अवघड होता. जिथे एसटीच जात नाही, त्या जागेची एसटीची पाटी कशी करायची? मॅडम म्हणाल्या, “मग ती पाटी तर सगळ्यांत आधी हवी.”

वर्गावर्गात जाऊन पुन्हा विचारलं. वाड्या, वस्त्या, धनगरवाडे, मळे. यादी एवढी वाढली की पाट्या एका मुखपृष्ठावर मावेनात. लहान केल्या तर अक्षरं वाचता येईनात. मग चित्र मागच्या बाजूला न्यायचं ठरलं: पुढचं पान, कणा आणि मलपृष्ठ मिळून सलग एकच चित्र. पण मलपृष्ठावर एका पतसंस्थेची रंगीत जाहिरात होती आणि अंकातली सगळ्यांत महाग जागा तीच. शिवाय पेस्टिंग बाइंडिंगच्या अंकाला कणा येतो. पानं किती, कागद किती जीएसएमचा, यावर त्याची जाडी ठरते आणि ती मिलिमीटरात मोजून घ्यावी लागते. कण्यावर आलेलं नाव अर्धं पुढे आणि अर्धं मागे जातं. एकाही गावाचं नाव मोडायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून सगळ्या पाट्या कण्यापासून आत सरकवल्या, कडांनाही कटिंगसाठी जागा सोडली. पतसंस्थेच्या सचिवांकडे मॅडम स्वतः गेल्या. सचिवांनी मुखपृष्ठाची प्रत टेबलावर पसरली, बराच वेळ पाहिली, आपली वाडी शोधून काढली आणि जाहिरात आतल्या बाजूला घ्यायला हरकत नाही म्हणाले. प्लेट काढायचं काम तोवर थांबवून ठेवलं होतं.

तो अंक गठ्ठ्यात राहिला नाही. मुलं शिपाईमामांकडे रांग लावून घेऊन गेली. ज्या मुलांनी आत एक ओळही लिहिली नव्हती, तीसुद्धा.

मुखपृष्ठाबद्दल लोक बोलतात तरी. अनुक्रमणिकेबद्दल कुणीच बोलत नाही, आणि माझ्या मते विद्यार्थ्यांच्या अंकातलं सगळ्यांत जास्त पाहिलं जाणारं पान तेच असतं. प्रूफं तपासायला बोलावलेल्या मुलांकडे मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. पान उघडतं, बोट वरून खाली सरकतं आणि स्वतःच्या नावाशी थांबतं. मग ते नाव शेजारच्याला दाखवलं जातं. लेख त्यानंतर.

आणि हे पान आपण कसं करतो? आधी शुभेच्छा संदेश, मग मनोगतं, मग संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, मग ‘फॉर्म ४, नियम ८’चं ते निवेदन: प्रकाशनस्थळ, नियतकालिकता, मुद्रक, प्रकाशक, राष्ट्रीयत्व. १८६७च्या छापखान्यांच्या कायद्यापासून आलेली ही परंपरा. त्याच्या जागी २०२३चा नवा कायदा मार्च २०२४पासून लागू झाला, तरी जुनी फाइल जशीच्या तशी उचलणारे अजून आहेत. या सगळ्यानंतर अनुक्रमणिका. त्यात चार रकाने: अनुक्रमांक, शीर्षक, लेखक, पान. शीर्षकाला जागा जास्त द्यायची म्हणून लेखकाचा रकाना चिंचोळा, आणि मग ‘कु. पाटील एस. बी.’ अशी हजेरीपटावरची आद्याक्षरं. ज्या एका ओळीसाठी मूल अंक उघडतं, तिथेच आपण त्याचं नाव कापतो.

मी पहिली गोष्ट करतो ती म्हणजे अनुक्रमांकाचा रकाना काढून टाकतो. पानाचा आकडा आहेच, मग आणखी एक आकडा कशाला? त्या जागेत पूर्ण नाव मावतं. दुसरी गोष्ट, नाव आधी आणि ठळक, शीर्षक त्याखाली हलक्या अक्षरात, शेजारी वर्ग. यावर एका ज्येष्ठ सरांशी माझी मोठी चर्चा झाली होती. त्यांचं म्हणणं असं की साहित्याच्या अंकात साहित्य आधी, लेखक नंतर. म्हणणं वजनदार होतं. मी त्यांना कवितांची यादी दाखवली. ‘आई’ नावाच्या कविता दर वर्षी असतात, ‘पाऊस’ असतो, ‘मैत्री’ असते, ‘बाप’ असतो. एकाच नावाच्या इतक्या कवितांत हवी ती शीर्षकावरून कशी सापडणार? ती सापडते कवीच्या नावावरून. सरांनी यादी दोनदा वाचली आणि मांडणी मान्य केली.

नाव कसं छापायचं, हेही आता आम्ही मुलांनाच विचारतो. एक चिठ्ठी द्यायची, त्यावर त्यांनी हवं तसं लिहायचं. कुणी वडिलांचं नाव लावतं, कुणी आईचं, कुणी दोघांचं. एका मुलानं आडनाव गाळलं होतं, खाली रेघ मारून. ‘कु.’ बहुतेक मुलींनी लिहिलेलंच नसतं. त्यामुळे ओळी लांब-आखूड होतात, रकाना सरळ दिसत नाही, आणि मांडणी करणाऱ्याला ते सांभाळावं लागतं. सांभाळावं. देवनागरीत वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार. दोन ओळी जवळ आल्या की वरच्याचा उकार खालच्याच्या वेलांटीत अडकतो. म्हणून अकरा पॉइंटच्या अक्षराला मी सोळा पॉइंटची ओळ देतो. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे असतील हेही पाहतो. राज्य सरकारनं २००९मध्ये मराठी वर्णमालेचा निर्णय काढला, त्यातही ही वळणं ठरवून दिली आहेत. तरी कित्येक फॉन्टांत हिंदी वळण आपोआप येतं. ज्या मुलीचं नाव शीतल आहे, तिला ती दोन्ही अक्षरं शाळेत गिरवली तशी दिसायला हवीत.

पाट्यांच्या त्या अंकात सगळ्यांत जास्त वाद चारोळ्यांवरून झाला. लेख संपून पानात खाली जागा उरली की तिथे एखादी चारोळी टाकायची, ही जुनी रीत. पानपूरक म्हणून टाकलेल्या या मजकुराची नोंद अनुक्रमणिकेत होत नाही. मुलाला वाटतं आपलं आलंच नाही, आणि ते बिचारं विचारतही नाही. आम्ही ठरवलं की अंकात जो मजकूर आहे त्या प्रत्येकाची नोंद होईल. त्यामुळे अनुक्रमणिका दोन पानांची झाली, ती समोरासमोर घेतली आणि मुखपृष्ठ आणि संस्थापकांचं पान उलटल्यावर लगेच येईल अशी पुढे आणली. संदेश आणि मनोगतं तिच्यामागे गेली. प्राचार्यांनी हे कसं स्वीकारलं, असं मला इतर कॉलेजांतले लोक विचारतात. ते स्वतः त्याच कॉलेजचे विद्यार्थी होते. जुन्या अंकातली त्यांची एक कविता मॅडमनी कपाटातून काढून आणली होती. तिचा शोध घ्यायला त्या अंकाचं पानन् पान चाळावं लागलं, कारण तीही अनुक्रमणिकेत नव्हती.

विभागांचंही सांगायला हवं. मराठी, हिंदी, इंग्रजी असे विभाग करायचे आणि प्रत्येक विभागाचे पृष्ठांक पुन्हा एकपासून, असे पुष्कळ जुने अंक माझ्याकडे आहेत. अशा अंकात बारावं पान तीनदा येतं. आम्ही पृष्ठांक पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग केले आणि सगळीकडे देवनागरी ठेवले.

ही दोन पानं अंकात सुरुवातीला असली तरी तयार सगळ्यांत शेवटी होतात, कारण पानं हलत राहतात. अंक फर्म्यात, म्हणजे एका मोठ्या कागदावर ठरावीक पानं एकत्र, असा छापला जातो. सोळा पानांचा फर्मा असेल तर एक पान वाढलं की कुठेतरी एक कमी करावं लागतं. फर्मे जुळल्यावर दुपारी कुणीतरी उशिरा मिळालेली जाहिरात घेऊन धावत येतं आणि सगळे आकडे सरकतात. यावर मी आता जाहिराती शेवटच्या फर्म्यात एकत्र घेतो. तिथे काय हवी ती हालचाल होऊ दे, मुलांच्या पानांचे आकडे हलत नाहीत.

मंजुरी हल्ली फोनवर मिळते. पीडीएफ गेली, अंगठा आला, झालं. पण फोनच्या पडद्यावरचा झगझगीत निळा छापताना चार शाईंतून निघत नाही, तो मळकट होतो. म्हणून मुखपृष्ठाची छापील प्रत दाखवल्याशिवाय मी सही घेत नाही. फोनचा मात्र दुसरा उपयोग आहे. ई-अंकात आम्ही अनुक्रमणिकेतल्या प्रत्येक नावाला त्याचं पान जोडलं. नावावर बोट ठेवलं की कविता उघडते. मुलं ते पान स्टेटसला ठेवतात, आणि पुण्या-मुंबईत कामाला असलेल्या भावाला, आखातात गेलेल्या मामाला त्याच दिवशी ते वाचायला मिळतं.

यंदा त्या कॉलेजचं काम पुन्हा आलं आहे. नव्या मुलांना पाट्या नकोत, त्यांना त्यांचं स्वतःचं काहीतरी हवं आहे. ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करणाऱ्या मुलांचे हात मुखपृष्ठावर घ्यायचे, अशी चर्चा चालू आहे. मॅटर अजून यायचं आहे. पण विद्यार्थी संपादक मुलगी गेल्या आठवड्यातच येऊन बसली आणि अनुक्रमणिकेचा आराखडा मागू लागली. ज्यांनी लिहिलं नाही, पण इतरांचं लिखाण टाइप केलं, प्रूफं वाचली, रेखाटनं केली, त्यांची नावंही लेखकांच्याच आकाराच्या अक्षरात याच दोन पानांवर यावीत, असं तिचं म्हणणं आहे. त्यासाठी उजव्या पानाचा खालचा चतुर्थांश मी मोकळा ठेवला आहे.